कागदावरची खालची ओळ

माझी बायको वर्ना गेली हे मला मंगळवारी सकाळी कळलं, तेही दहा मिनिटं उशिरा. मी गुरांचा डॉक्टर; एका गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय बसून राहिली होती. दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं. मी तिच्या शिरेत सुई घालून कॅल्शियमची बाटली हातात धरली होती. खिशातला फोन वाजत राहिला. बाटली भरभर सोडली तर गाय जागेवर मरते, म्हणून मी हात हलवला नाही. बाटली संपली, थोड्या वेळाने गाय धडपडत उभी राहिली. मग मी इस्पितळाला फोन लावला.

पडून खुबा मोडला होता, त्याच्या ऑपरेशनला तिसरा दिवस होता. हृदयविकाराचा झटका आला, म्हणाले. वर्ना एकाहत्तर वर्षांची होती. पडली ती बर्फावर नाही, आमच्याच स्वयंपाकघरात, सपाट जमिनीवर.

आठवड्याने तिचा चष्मा आणि कपडे आणायला इस्पितळात गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. दोन वर्षांपूर्वीच्या हाडांच्या तपासणीचा कागद त्यांच्यासमोर होता. हाडं विरळ झाली आहेत, असं वर लिहिलं होतं. खाली एक ओळ होती : पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं दिसतं.

ती ओळ आम्ही घरी वाचली होती. वाचून मी खूश झालो होतो.

"बघ," मी म्हणालो होतो, "कॅल्शियम रक्तात पोचलंय. आता हाडांत जाईल."

"दोन वर्षं लागतील," वर्ना म्हणाली. "तुझ्या खटारा ट्रकमधून निघालं असेल."

"गाय अर्ध्या तासात उठते."

"मी गाय नाही रे, ओरिन."

तरी रोज दोन पेले दूध प्यायची, मी ओतून द्यायचो म्हणून. डॉक्टरांशी बोला, असंही त्या कागदावर होतं. पण ते सगळ्याच कागदांवर असतं. आमच्या दुधावर जगणाऱ्या विस्कॉन्सिन राज्यात कॅल्शियम वाईट आहे असं कोण सांगणार? जनावराला कमी पडलं की ते बसतं, दिलं की उठतं. चाळीस वर्षं मी एवढंच पाहिलं होतं.

"दुधामुळे झालं का?" मी विचारलं.

"तसं नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. "वय झालेल्या बायकांत हे दोन्ही पुष्कळदा बरोबर चालतं. हाडं पोकळ होतात आणि रक्तवाहिन्या कडक होतात. ती ओळ दोन्हींचा इशारा होती. हाड मोडण्याचा आणि हृदयाचाही."

"तेव्हाच आलो असतो तर?"

"औषधं सुरू केली असती. कदाचित."

मी तो 'कदाचित' घेऊन घरी आलो.

वर्नाची धाकटी बहीण अर्लिस दोन मैलांवर एकटी राहते. अडुसष्ट वर्षांची. तपासणीला दोघी एकाच दिवशी गेल्या होत्या, मीच नेलं होतं. तिच्याही कागदावर तीच ओळ आहे. तेव्हा मी तिलाही म्हणालो होतो, छान आहे, दूध पी.

मी गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा-खिमा ठेवला.

"आधी खा. बुजगावणं झालायस."

"अर्लिस, डॉक्टरांकडे चल. तुझ्या कागदावर—"

"गाईंचा डॉक्टर आता बायकांचा झाला का?"

"मी चुकलो होतो."

"तू म्हणालास दूध पी, मी प्यायले. आता म्हणतोस ते दुखणं आहे. तुझं कुठलं ऐकू?"

"माझं नको ऐकूस. त्यांचं ऐक."

"वर्नाने ऐकलं ना. ऑपरेशन करून घ्या म्हणाले, तिने करून घेतलं. जिवंत नेलं होतंस तू तिला."

ती उठून भांडी आवरू लागली. तिची पाठ वर्नासारखीच वाकू लागली आहे. वरच्या फळीला हात पुरत नाही म्हणून तिने स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. मी जागेवरून उठून तिच्या मागे हात पसरून उभा राहिलो.

"नाचायचंय का?" ती म्हणाली. "हो बाजूला."

निघताना मी ते स्टूल ट्रकमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर ती खुर्चीवर चढली होती.

त्यानंतर चार वेळा गेलो. एकदा डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर लिहून तिच्या टेबलावर ठेवला, तिने त्याच्या मागे किराण्याची यादी केली. इस्पितळात मी स्वतः फोन केला, तर म्हणाले, वेळ त्यांनीच घ्यायला हवी. अडलेलं जनावर दावं लावून ओढता येतं. मोठ्या बाईला कसं ओढणार? रडलो तेव्हा तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा नाही म्हणाली.

वर्नाला जाऊन आज सहा आठवडे झाले. अर्लिसने अजून डॉक्टरांची वेळ घेतलेली नाही.