हिरव्या लहरीची वाट

माघातली दुपार कलली. पंचगंगेवरून उठलेलं केशरवर्ण, मंदोष्ण ऊन रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या फरशीवर अलगद उतरलं. तिथं संशोधक शर्वाणी उभी होती. तिच्यापुढच्या काचेच्या बशीत यमुनाबाईंच्या हृदयातल्या पेशी होत्या. सकाळच्या शस्त्रक्रियेत कापावा लागलेला तो इवलासा अंश बाईंनी आदल्या दिवशीच, संमतीपत्रावर अंगठा उठवून, संशोधनासाठी देऊन टाकला होता.

निश्चल पेशी, निःस्पंद पेशी. कॅल्शियमवाचून निजलेल्या. कॅल्शियम म्हणजे हृदयाला आवतण. बाहेरून चिमूटभर आत शिरलं, की पेशीतली कोठारं उघडतात, कणांची लाट उसळते, पेशी आकसते. लाट कोठारांत परतते, पेशी सैलावते. जन्मभर एवढंच काम.

पण निजलेल्या पेशीला ते थेंबाथेंबानंच द्यावं लागतं. मागच्या खेपेला शर्वाणीला कुठला धीर? दोन पायऱ्या गाळून तिनं एकदम ओतलं, आणि लांबसडक शेकडो पेशी डोळ्यांदेखत आखडून मेल्या. कुणी विश्वासानं दिलेलं आपण मातीत घातलं, ही सल तिला अजून झोपू देत नव्हती.

आज एक थेंब. दहा मिनिटं. पुन्हा थेंब. पुन्हा दहा मिनिटं. ऊन फरशीवरून टेबलावर चढलं, टेबलावरून भिंतीवर. तिनं घाई केली नाही.

दाराशी यमुनाबाईंचे यजमान, सोपानराव, येऊन उभे राहिले. खाली अतिदक्षता विभागात बाई अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या. काचेबाहेर उभं राहून म्हाताऱ्याचे पाय भरून आले होते.

"ताई, तिनं दिल्यालं ते... बघू देता का जरा?"

शर्वाणी कचरली. पेशी मेलेल्या निघाल्या तर? आणि तेही आज, या माणसासमोर? पण नाही म्हणवेना. तिनं खिडकीचे पडदे ओढले, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कॅल्शियमला भेटताच हिरवा चमकणारा रंग पेशींत होताच. तिनं विजेचा सूक्ष्म स्पर्श दिला.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेला संगणकाचा पडदा काळाच राहिला.

पुन्हा स्पर्श. आणि त्या श्यामल, अथांग काळोखातून पाचूवर्ण लहर उठली, पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. पेशी आकसली. लहर विझली. पेशी सैलावली. मग पुन्हा.

"हिला दुखत तर नसंल न्हवं?"

"नाही हो मामा. जिवंत आहे ती."

उभ्या संसारात ज्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती, त्या माणसानं टोपी काढली. पडद्याजवळ वाकला. अगदी हळू म्हणाला, "यमुने."

शर्वाणीनं नोंदी तशाच सोडून तोंड फिरवलं. "यमुने," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या ओल्या गालांवर हिरवा उजेड उमटत होता, मावळत होता, उमटत होता.