शेवटचं नाव

डॉक्टोरा सोलेदाद तुपास संशोधन दिवसाच्या परीक्षक म्हणून फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या जुन्या हॉस्पिटलात आल्या, तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या नव्या होत्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मात्र अजून डॉ. तिर्सो पलमांचीच होती.

त्या इथं शिकाऊ सर्जन असताना संशोधन दिवसाला काचेच्या स्लाइडा असत आणि त्या हातानं सरकवाव्या लागत. पलमा तेव्हापासूनच गलगंडाच्या झटपट ऑपरेशनसाठी गाजलेले. आवाजाची नस शोधत बसायचं नाही, गाठ काढायची आणि मोकळं व्हायचं. सोलेदादनी त्यांचे पेशंट परत बोलावून बोलते केले. कितीतरी जणींचे आवाज बसले होते. मासे विकणाऱ्या एकीला तर गिऱ्हाइकाला हाक मारता येईना. त्यावर लिहिलेला शोधनिबंध वाचायच्या आदल्या दिवशी पलमांनी तो कार्यक्रमातून काढून टाकला आणि सगळ्यांदेखत, लहान पोरीला मारावी तशी हाक मारून म्हणाले, "इन्डाय, बेरीज येत नाही तुला. लग्न कर."

इथली कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. सोलेदाद डोंगराकडच्या लहानशा हॉस्पिटलात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिल्या. राग त्यांनी कधी शिळा होऊ दिला नाही.

गेल्या वर्षी रेनान नावाचा शिकाऊ सर्जन काही महिने त्यांच्या गावी होता. निबंधाला विषय मागायला तो दारात आला, तेव्हा डॉक्टोरांनी तोच विषय दिला.

"पलमासर मला कच्चा खातील, डॉक्टोरा."

"निबंधावर शेवटचं नाव कुणाचं असतं, तोतो?" डॉक्टोरांनी लहान पोराला विचारावं तसं विचारलं.

"सरांचंच. सगळ्यांच्याच निबंधांवर."

"वाचतात?"

रेनानला हसू आलं. "सही करतात."

"मग घे सही."

आज रेनान निबंध वाचत होता आणि पलमा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वाचून झाल्यावर डॉक्टोरांनी माइक ओढला. "माझा प्रश्न ज्येष्ठ लेखकांना आहे, शेवटचं नाव ज्यांचं त्यांना." अशा वेळी ज्येष्ठानं उठून पोराची बाजू सावरायची, ही इथली रीत. "डॉक्टर पलमा, नस न शोधता केलेल्या ऑपरेशनांत इतके आवाज का गेले?"

पलमा उठले. पडद्यावर काय आहे ते त्यांनी तेव्हा कुठं पहिल्यांदा वाचलं. कानापर्यंत लाल झाले, पण गडी मुरलेला.

"म्हणून तर हा विषय मीच दिला पोराला. स्वतःच्या चुका तपासायला छाती लागते."

टाळ्या पडल्या. डॉक्टोरांनी त्या पुरत्या विरू दिल्या. हा माणूस हेच म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

"म्हणजे निष्कर्ष तुम्हाला मान्य आहे."

"माझाच आहे तो."

"सकाळी आम्हा पाहुण्यांना वॉर्ड दाखवला. तिथं एक शाळेतली बाई माझ्याशी कुजबुजत बोलली, आवाजच फुटत नव्हता तिचा. तिचं ऑपरेशन तुम्ही याच आठवड्यात केलंत. नस शोधली होतीत?"

"ती केस वेगळी होती."

"मदतीला कोण होतं?"

मागच्या रांगेतली एक शिकाऊ सर्जन मुलगी सावकाश उभी राहिली. पलमांकडे न बघता म्हणाली, "नाही शोधली, डॉक्टोरा."

"म्हणजे धोका ठाऊक असून केलंत. की निबंध वाचलाच नव्हतात? दोन्हींतलं एक सांगा."

पलमा पुन्हा पडद्याकडे वळले. शेवटी हॉस्पिटलचे डीनच म्हणाले, "तिर्सो, बस खाली. उद्यापासून गलगंडाच्या केसेस तू करायच्या नाहीस."

जेवणाच्या टेबलापाशी पलमांनी डॉक्टोरांना गाठलं. "त्या पोराला मी पास होऊ देणार नाही."

"कशाबद्दल? निबंध तुमचा, विषय तुमचा. सगळ्यांना आत्ताच सांगितलंत."

पलमांनी हातातलं ताट टेबलावर ठेवलं. "इतकी वर्षं मनात धरून बसलीस, सोल?"

"हो," डॉक्टोरांनी भाजक्या डुकराचा कुरकुरीत तुकडा ताटात घेतला. "आणि तुम्ही विसरून गेलात. नाहीतर न वाचता सही केली नसतीत."