किटली ओढ्यावरचं फावडं

"फावडं उभं आहे तोवर जागा आपली गं, हेस्टर! फावडं दुसऱ्याच्या हाती दिलं, की जागाही त्याचीच!"

ओढ्याच्या खळखळाटातून पलीकडच्या काठावरून आलेली नवऱ्याची, फिंटनची ती हाक. हेस्टर तेव्हा नवी नवरी होती. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ओलं, पाऊलवाटांचं रान तिला परकं होतं, आणि परातीच्या तळाशी काळ्या वाळूत चमकणारा सोन्याचा पहिला कण पाहून ती लहान पोरीसारखी हसली होती. हाक तशीच कानात राहिली. हाक मारणारा मात्र आता खिडकीपाशी बसून असायचा. पक्षाघातानं अर्धा चेहरा ओढलेला, उजवा हात मांडीवर निजलेला, आणि शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरणारे.

किटली ओढ्याचा तेवढा पट्टा सरकारनं सोनं शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी मोकळा सोडला होता. वाटेवर पाटी होती : कुणीही या, परवाना नको, परात, फावडं, वाळू धुवायची हातानं चालणारी पन्हळ चालेल, मोटारपंप चालणार नाही, जागा कुणाच्याही मालकीची नाही. शेवटचं वाक्य सोडून बाकीची पाटी सगळे मानत; ज्याचं फावडं उभं, त्याची जागा, हा ओढ्यावरचा रिवाज.

फिंटन आजारी पडल्यापासून दर शनिवारी हेस्टर एकटी जायची. वळणावरच्या खड्ड्यात फिंटनचं फावडं उभं असायचं. ती दिवसभर वाळू धुवायची, सापडलेले कण बाटलीत घालून संध्याकाळी त्याच्यासमोर धरायची. तो निरोगी डोळ्यानं बघायचा आणि मान वळवायचा. कष्टी झालाय बिचारा, असं तिला वाटायचं.

पण या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. खड्डा तिनं सोडला त्याहून खोल दिसायचा. फावड्याचा दांडा मळलेला. काठावर कुणीतरी ताज्या वाळूचा ढीग घातलेला. गंमत म्हणजे तो ढीग धुतला की चांगले कण निघायचे. चोर कधी चांगला माल मागे ठेवतो? हेस्टरला तर त्याचाच जास्त संशय आला. नक्कीच मोठं काहीतरी नेतोय, आणि मला हे चणे-फुटाणे टाकतोय!

शुक्रवारी ती अवचित जाऊन थडकली. खड्ड्यात वॉली स्कीन उभा होता. काठावरच्या जुन्या कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात, एकटाच राहणारा फिंटनचा दोस्त. हातात फिंटनचं फावडं.

"वा रे वा, वॉल्या! आजारी माणसाच्या जागेत हात मारतोस होय?"

वॉली दचकला. कमरेइतक्या खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "आज शुक्रवार ना? तू उद्या येतेस."

"म्हणून आज साधलंस! आणि ती तुझ्या गाडीमागची रबरी नळी? मोटार लावतोस ना पाण्याला?"

"अगं बाई, झऱ्याचं पाणी आणतो त्यातून. चहाला."

"मला शिकवू नकोस चहा! ते फावडं ठेव आधी."

वॉलीनं फावड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. दाढी खाजवली. फावडं वाळूत नीट उभं रोवलं.

"फिंटन कसाय?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुला रे काय त्याचं!"

वाटेत चिखल तुडवताना तिचा राग थांबत नव्हता. किती वर्षं या माणसाला पंगतीला बसवलं, नाताळचा केक वाढला! घरात शिरताच तिनं अंगावरचा रेनकोटही न काढता फोन उचलला आणि नंबर फिरवता फिरवता फिंटनला म्हणाली,

"वॉली निघाला चोर! तुझं फावडं घेऊन खणतोय रोज. सरकारी खात्यात सांगते आता, मोटारपंप लावतो म्हणून. ओढ्यावर पाय ठेवू देणार नाहीत त्याला. पुरावा त्यांनीच शोधावा."

फिंटननं डावा हात पुढे केला. त्याच्या बोटांनी तिचं मनगट धरलं. पकड तिला वाटली त्याहून घट्ट होती.

"न... नको."

"नको काय? तुझी जागा आहे ती!"

त्यानं मान हलवली. कपाळाला घाम आला. एकेक शब्द, बुडालेला दगड उपसावा तसा.

"नाही. वॉलीची."

"काय?"

"फावडं... मीच दिलं. आजाराआधी. पाय... चालेनात."

हेस्टरच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. तिच्या रेनकोटाचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. आपण इतके शनिवार कुणाच्या खड्ड्यात उतरत होतो, आणि तो ढीग कुणी कुणासाठी उपसून ठेवत होतं, हे तिच्या एकदम ध्यानात आलं.

"मग मला का नाही सांगितलंस?" ती अगदी हळू म्हणाली.

फिंटनचा चांगला डोळा भरून आला. 

"तू... बाटली घेऊन... हसत यायचीस," तो म्हणाला. "ओढ्यावरचं आपलं... संपलं... हे कसं सांगू?"