दसऱ्याच्या दिवशीचा बदल

जळगाव जामोदच्या जिनिंग सोसायटीत कापसाचे भाव वेबसाइटवर दाखवणारा सर्व्हर रंगरावांनी बारा वर्षं सांभाळला. अपडेटचं नाव काढलं की ते अंगावर यायचे, "चालून राह्यलं ना? मंग काऊन छेडता, बाई?"

श्रावणात ते वारले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सत्यभामाबाईंनी अपडेट लावलंच. मध्येच मशीननं विचारलं: ही फाईल इथल्या माणसानं हातानं बदललेली आहे, जुनी ठेवायची की नवी घ्यायची? फाईलच्या माथ्यावर रंगरावांची ओळ होती, 'याले हात लावू नका.'

"मेल्यावरही हुकूम!" बाई फणकारल्या आणि त्यांनी नवी घेतली. ओळ गेली. राहिलेलं अपडेट सुटीनंतर करू म्हणाल्या.

दसऱ्याला यंत्रांना आराम. सकाळीच त्यांनी सर्व्हर बंद केला, प्लग काढून समोर ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याच कमरेला.

दुसऱ्या दिवशी प्लगवरचं कुंकू जसंच्या तसं होतं. ते पुसून बाईंनी मशीन चालू केलं, अपडेट पुढे नेलं, तर पुन्हा तोच प्रश्न: ही फाईल इथल्या माणसानं बदललेली आहे.

ओळ परत जागेवर होती. बदलाची तारीख दसऱ्याची, वेळ दुपारी बारा.

"ठेवते जुनी, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. मग बसण्याआधी त्यांनी खुर्ची रिकामी आहे का, ते हातानं चाचपून पाहिलं.