शिळी शाई

दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला आणि चिंगहेची डुलकी मोडली. चार वर्षांची ताओताओ केव्हाच उठून टेबलाशी पोचली होती आणि शाईच्या सहाणेवरचं झाकण तिने सरकवलं होतं. चिंगहे तिला मागे ओढायला गेली, तोच नाकात वास शिरला. कुबट, नासका. शिळ्या शाईचा.

तिला ते मोठं चित्र आठवलं.

कांडी उगाळून ताजी शाई करायची तर बराच वेळ मोडतो, आणि ताओताओची दुपारची झोप ती केवढीशी. म्हणून पावसातल्या होड्यांच्या धक्क्याचं मोठं चित्र तिने आदल्या दिवशीच्या उरलेल्या शाईतच पाणी घालून पुरं केलं होतं. शिळ्या शाईतला सरस मेलेला असतो, ती कागदाला धरून राहत नाही. चित्र कोरडं असेतो कळत नाही, पण मागून कागद चिकटवायचा तर ते आधी ओलं करावं लागतं, आणि मग शाई पसरते. आणि आज सकाळीच ती सगळी चित्रं मागून कागद लावायला म्याओ काकांकडे देऊन आली होती.

छिउ मावशींनी आपल्या चहाघराची कालव्याकडची भिंत तिला चित्रं लावायला देऊ केली होती. लेक झाल्यापासून तिचं काही कुठे लागलं नव्हतं. सासरचे वाईट बोलत नसत, पण पाहुण्यांना सांगताना 'पूर्वी काढायची हो छान' म्हणत, आणि त्या 'पूर्वी'ची तिला धास्ती होती. लहान चित्रं पाच होती, पण भिंत पेलणारं ते एकच. ते गेलं तर तसं पुन्हा काढण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

पोरीला पाठुंगळीला घेऊन ती धावत सुटली.

म्याओ काकांचं दुकान चहाघराच्या मागच्याच अंगणात. लहान चित्रं भिंतीवर वाळत होती. मोठं टेबलावर पालथं पडलं होतं आणि काकांनी पाण्याचा कुंचला नुकता उचलला होता.

"काका, थांबा. शिळ्या शाईतलं आहे ते."

कुंचला हवेतच राहिला. काका तिच्याकडे न बघता ताओताओला म्हणाले, "तुझ्या आजोबांनी मला जन्मभर ताज्या शाईतलीच चित्रं दिली. आणि त्यांची लेक बघ, मला शिळंपाकं वाढतेय."

"ही झोपली की काढते, काका," चिंगहे खालमानेने म्हणाली. "उगाळत बसलं तर ही उठते."

 काकांनी चित्र सैलसर गुंडाळलं, कोरड्या फडक्यात बांधलं आणि चहाघराच्या स्वयंपाकघराची वाट धरली. वाफेवर शाई कागदात बसते कधी कधी, एवढंच म्हणाले. नेहमीच बसते असं म्हणाले नाहीत.

चुलीवर बांबूच्या टोपल्यांची चळत होती, आत सारणाच्या बाओजी उकडत होत्या. छिउ मावशींनी कुरकुरत एक टोपली रिकामी केली. बाओजींना शाईचा वास आला तर गिऱ्हाइकांना तुम्हीच तोंड द्या, असं बजावलं. तुझ्या बाओजी पचवणारं गिऱ्हाईक शाईला कशाला घाबरेल, असं काका म्हणाले. चिंगहेला हसू आलं नाही. ती टोपलीतून निघणाऱ्या वाफेकडे बघत उभी राहिली.

मग चित्र टेबलावर उलगडलं. काकांनी त्यातल्या सगळ्यांत काळ्या खडकावर ओला कुंचला टेकवला, वर पांढऱ्या कागदाचा तुकडा दाबला, आणि उचलून तिच्यापुढे धरला.

कागद पांढराच होता. शाई उतरली नव्हती.

चिंगहे होती तिथेच कोबीच्या पेटीवर बसली. मावशींनी तिच्या हातात चहाचा पेला कोंबला. तिने तो गरमच्या गरम पिऊन टाकला, आणि जीभ पोळल्याचं तिला संध्याकाळी कळलं.

पुढच्या आठवड्यात भिंत भरली. सकाळच्या चहाला येणारे म्हातारे पक्ष्यांचे पिंजरे खुंटीला टांगून धक्क्याच्या चित्रासमोर बसले. एकाने म्हटलं, हा पाऊस बघून माझा गुडघा ठणकायला लागला. चिंगहेला याहून मोठी पावती नको होती. सासूबाई आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून काढते." काढायची नाही, काढते. चिंगहेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसली.

ताओताओ तिच्या मांडीवर बाओजी खात होती. एक एक चित्र बघून झालं. बोटं चाटून झाली. मग मान वर करून तिने आईला विचारलं, "आई, मी झोपले की तुला बरं वाटतं का गं?"