जिनिंगमधली गोल बुडाची बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे आणि आधीच सांगून ठेवते, मला जमिनीवर ठेवू नका. मी लगेच आडवी होते. माझं बूड गोल आहे. ते मुद्दाम तसं केलंय, म्हणजे मला कुणी घरी नेऊन धुण्याभांड्याला वापरू नये. आगीच्या बादलीनं आगीचीच वाट बघत आकड्याला लटकून राहायचं, असा माझा जन्म.

अकोटच्या बाजूला एका गावात, अगदी मधोमध, कापसाची जिनिंग होती. दिवसभर खडखडाट चाले. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. तिथं आम्ही सहा बहिणी पोटात रेती घेऊन टांगलेल्या. दसऱ्याला आमची काय ती शान! लाल रंगाचा नवा हात, त्यावर पांढऱ्या रंगात 'आग' अशी अक्षरं, हळदकुंकू, झेंडू. पूजा झाली की वर्षभर कुणी ढुंकून बघायचं नाही. समोरच्या हापशीवर बाया गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरायच्या, डोक्यावर घेऊन डौलात जायच्या, आणि मी जळायची. एकदा तरी माझ्यात पाणी भरावं, एकदा तरी मी कुणाच्या हाताला जड लागावं, एवढीच माझी हौस.

एकदा खरंच आग लागली. कापसाच्या गंजीतून धूर निघाला. माणिकबाई तिथं कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडायच्या कामाला होती. सगळ्यांच्या आधी तीच माझ्याकडे धावली. तिनं कडी ओढली, पण मी हलेचना. दर दसऱ्याला मला आकड्यासकट रंगवून रंगवून माझी कडी आकड्याला चिकटून बसली होती!

"अवो, हे तं सुटूनच नाई राहिली!" ती ओरडली.

तिची मैत्रीण इंदूबाई ओली पोती घेऊन आली. दोघींनी झोडपून झोडपून आग विझवली, पण माणिकबाईचा तळहात भाजला. ती मला शिव्या देत होती आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. आज आठवलं तरी शरमेनं मेल्यासारखं होतं.

पुढे जिनिंग बंद पडली. यंत्रं गेली, पत्रे गेले, माझ्या पाच बहिणी भंगारात गेल्या. मी भिंतीतल्या आकड्याला चिकटलेली, म्हणून मागं राहिले. बारा-पंधरा वर्षं एकटी. पोटातल्या रेतीत मुंग्यांनी घर केलं.

गेल्या वर्षी जिनिंगचा भाडेपट्टा संपला आणि जागा ग्रामपंचायतीकडे आली. सरपंच देवीदास म्हणाला, इथं दुकानांचे गाळे काढू. तेव्हा भर ग्रामसभेत माणिकबाई उभी राहिली.

"तीस वर्सं मी अथी राबली. भाकर खायले सावली नव्हती, बापा. तापल्या पत्र्याले पाठ लावून खाल्ली. गावाले बसाले एक हिरवी जागा पायजे मले!"

बराच वाद झाला. शेवटी ठरलं, बारा झाडं लावायची. मृगापर्यंत त्यातली सात जगली तर बाग, नाहीतर गाळे.

पोळ्याच्या सुमारास झाडं लागली. मधलं करंजाचं रोप माणिकबाईचं. नेमकी तिथलीच जमीन कापसाच्या गाड्यांनी दाबून दाबून दगड झालेली. पाणी ओतलं की नुसतं वाहून जायचं. चैत्रात रोपानं मान टाकली.

"माणके, ओतून काय फायदा व?" इंदूबाई म्हणाली. "थेंब थेंब द्या लागते. महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात ना, तशी."

माणिकबाईची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. तिनं विळ्यानं रंग खरवडला, एक हिसका दिला, आणि मी सुटले! रेती ओतली, मला उलटं धरलं आणि बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? भोकात कापसाची वात घातली, तीन बांबूंची तिपाई केली, मला रोपावर टांगलं आणि गुंडभर पाणी ओतलं. किती गार! मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पाण्यानं जड झाले. मला रडूच आलं.

वैशाखात माणिकबाई लेकीच्या बाळंतपणाला चांदूर रेल्वेला गेली. "बादली भरत जा व," असं साऱ्या आळीला बजावून गेली. पण सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. इंदूबाई ऊन लागून खाटेवर पडली आणि बाकीच्यांना वाटलं, दुसरं कुणी भरत असेल. आठ दिवस मी कोरडी. वात कडक झाली. खाली एकेक पान गळत होतं आणि मी वरून बघत होते. हापशी पन्नास पावलांवर! लोक माझ्या बाजूनं बस धरायला जायचे. मी हाक कशी मारणार?

माणिकबाई परतली तेव्हा करंजाची नुसती काडी उरली होती. ती तशीच हापशीवर गेली आणि त्या दिवसापासून पुन्हा रोज मला भरू लागली.

मृगाच्या आदल्या दिवशी देवीदास झाडं मोजायला आला. पाच केव्हाच गेली होती, सहा हिरवी होती. माझ्याखाली येऊन तो थांबला.

"मावशी, हे तं वायलं. सहाच झाले." त्यानं वाळलेली काडी उपटायला हात घातला.

"थांब!" माणिकबाई म्हणाली. "उपटू नको. आंदी नख लावून पाय."

देवीदास खाली बसला. नखानं साल एवढीशी खरडली. जमलेले सगळे वाकले. सालीखाली हिरवं होतं, ओलं हिरवं.

तो हात झटकून उठला आणि म्हणाला, "सात."

आता गाळ्यांचं नाव कुणी काढत नाही. पण पाऊस लांबलाय आणि करंजाला अजून एकही पान फुटलेलं नाही. मी रोज वाकून वाकून बघते. एक पान दिसावं, एवढीच ओढ लागलीय. मित्रांनो, इकडून जाल तेव्हा दुसरं कुणी टाकलं असेल असं समजू नका, माझ्यात तांब्याभर पाणी टाकूनच पुढं जा. आणि वाळलं म्हणून काही उपटायला निघालात, तर आधी एकदा नख लावून बघा.