एका बाजूला गाणं, एका बाजूला आई

मी तबकडी बोलतेय. तुम्ही म्हणाल, तबकडीनं बोलण्यात नवल ते काय! पण आजवर मी जे बोलले ते सगळं दुसऱ्यांचं होतं. सुई टेकली की बोलायचं, उचलली की गप्प व्हायचं. स्वतःचं एक वाक्यसुद्धा कधी बोलले नाही, आणि आता अंगात त्राण उरलं नाही तेव्हा बोलायला बसलेय. मधेच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ब्राझीलमधल्या रिओ शहरात, एका रेडिओ केंद्रात झाला, १९४४ च्या ऑक्टोबरात. लढाईचे दिवस होते. माझ्या थोरल्या बहिणी ॲल्युमिनियमच्या होत्या, पण तोवर धातू सगळा विमानांना जायला लागला होता, म्हणून मी काचेची झाले. मधे काच आणि दोन्ही अंगांना काळा, मऊ लेप. त्या लेपावर आवाज कोरायचा. कारखान्यात निघणाऱ्या कडक तबकड्या वर्षानुवर्षं वाजतात. आमचं तसं नाही. आम्ही दर वेळी थोड्या झिजतो. म्हणजे जेवढं बोलायचं, तेवढं मरायचं.

मला कोरणारा वाल्फ्रिदो. चष्मा कायम कपाळावर आणि कायम घाईत. आणि जिच्यासाठी मला कोरायचं होतं ती झुल्मिरा प्रातेस.

झुल्मिराला तेव्हा सगळे 'जवानांची झुल्मिरा' म्हणत. दर गुरुवारी दुपारी ती जवानांसाठी रेडिओवर गायची. बाकीचे दिवस छावण्यांमधून फिरायची, ट्रकच्या फळीवर उभी राहून, धूळ खात, माइकशिवाय. पलटण इटलीला निघाली त्या दिवशी धक्क्यावर ती दोन तास गात होती. जहाज दिसेनासं झालं तरी थांबेना, शेवटी तिला हाताला धरून खाली उतरवावं लागलं. जखमी होऊन परत आलेल्यांच्या वॉर्डातही ती जायची. तिथं मात्र हळू आवाजात गायची.

एवढं सगळं करून त्या बाईनं स्वतःचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. लोक घरी बसून ऐकत, तेव्हा ती माइकसमोर उभी असायची. तिची एकही तबकडी बाजारात आली नव्हती. तिची पहिली तबकडी मीच, आणि कोरून झाल्यावर मला त्याच आठवड्यात इटलीला धाडायचं होतं. मला वाजवून बघायला कुणाला वेळ नव्हता.

माझ्या एका बाजूवर तिनं गाणं गायलं. तीन कडव्यांचं, घरी परतणाऱ्या माणसाचं. छान गायली. मला गाण्यातलं काय कळतं म्हणा, पण कोरणारी सुई कुठं थरथरली नाही एवढं मला ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूवरही तीच गाणार होती. पण ऐन वेळी वरून निरोप आला, एका जवानाच्या आईला बोलू द्या. चिठ्ठ्या टाकल्या, आणि टेकडीवरच्या वस्तीतल्या एपोनिना मावशीचं नाव निघालं. मावशी लोकांचे कपडे धुवायची. हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली, पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट.

"इथं तोंड करून बोलायचं, मावशी," वाल्फ्रिदो म्हणाला.

"आणि तो कुठून बोलणार?"

"तो नंतर ऐकेल."

"ऐकेल, पण बोलेल कधी?"

वाल्फ्रिदोला एवढं समजावत बसायला वेळ नव्हता. "बोलेल, बोलेल," म्हणाला आणि त्यानं सुई टेकवली.

"अदाउतो," मावशी म्हणाली, "जेवलास का?"

आणि ती थांबली. वाल्फ्रिदोनं हातवारे केले, पुढं बोला, पुढं बोला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराला विचारलंय तर पोराला उत्तर द्यायला वेळ नको?

"बरं," ती शेवटी म्हणाली. "पाय कोरडे ठेव. तुला सर्दी पायातून होते, लहानपणापासून सांगतेय. आणि तिआओचे बूट तू नाचाला नेलेस ते कुठं ठेवलेस? तो रोज दारात येऊन उभा राहतो." परत थांबली. "बोल ना. ते घालूनच गेलास की काय लढाईला?" परत थांबली. "तिथल्या पोरी बघायच्या तर बघ. पण मला दाखवल्याशिवाय लग्न करायचं नाही. कळलं?"

कळलं की नाही ते ऐकायला ती पुन्हा थांबली, आणि माझी बाजू संपली.

झुल्मिरा कोपऱ्यात उभी होती. मावशी गेल्यावर ती वाल्फ्रिदोवर उखडली. "अर्धी बाजू तर गप्प बसण्यात गेली. तेवढ्यात माझी दोन कडवी झाली असती."

"दुसरी काच नाही, बाई," वाल्फ्रिदो म्हणाला. "आहे ते असं आहे."

इटलीत पोचले तेव्हा डोंगरात बर्फ पडायला लागलं होतं. आमची पोरं गुरांच्या एका गोठ्यात राहत होती. बर्फ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बुटांत गवत कोंबून बसलेली असायची. त्यांच्याकडे चावीचा एक ग्रामोफोन होता. दुपारचं जेवण झाल्यावर मला पहिल्यांदा लावलं. आधी गाणं. सगळे मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर टाळ्या वाजल्या, एकानं डोळे पुसले, आणि मला उलटं केलं.

"अदाउतो, जेवलास का?"

अदाउतो, बावीस वर्षांचा दांडगा गडी, कानापर्यंत लाल झाला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्यातली ती शांतता सरत आली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "जेवलो, आई!"

गोठाभर हशा. बुटांचं विचारल्यावर दुसरा म्हणाला, "बूट माझ्याकडे आहेत, मावशी, तिआओला म्हणावं विसर आता!" लग्नाचं आलं तेव्हा तर तिघांनी एकदम उत्तर दिलं, आणि तिघांनी तीन वेगळ्या मुलींची नावं घेतली.

त्या दिवसापासून माझी तीच बाजू रोज वाजली. गाणं तीन-चारदा लागलं असेल. गाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण गाणं ऐकलं की पोरांना घर आठवायचं. मावशी बोलायला लागली की ती घरीच असायची. कुणी तिला आज काय जेवलो ते खरं सांगायचं, कुणी साफ खोटं. अदाउतो मात्र कधीच बोलला नाही. लाजायचा, हसायचा, आणि त्याचं उत्तर बाकीचे द्यायचे.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी दिवस मोजले नाहीत, आवाज ओळखत राहिले. "आई, आज बर्फाचं सूप होतं" म्हणणारा एक घोगरा आवाज होता. एका दुपारी तो आला नाही, पुढंही आला नाही. असे आणखी चार गेले. मावशी तेच विचारत राहिली आणि उरलेले जरा जास्त मोठ्यानं उत्तर देत राहिले.

एप्रिलमध्ये अदाउतोला पत्र आलं. फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आठवड्यात, मावशी तापानं गेली होती. म्हणजे दोन महिने गोठाभर पोरं एका पुरलेल्या बाईला "जेवलो" म्हणून सांगत होती. त्या दुपारी कुणीतरी सवयीनं मला लावलं. मावशीनं विचारलं. सगळ्या गोठ्यात कुणी चकार शब्द काढला नाही. मग सुई उचलली आणि मला गवतात गुंडाळून खोक्यात ठेवलं.

लढाई संपली. खोक्यावर रेडिओ केंद्राचा पत्ता होता म्हणून मी परत आले आणि एका फळीवर पडून राहिले. पुढं झुल्मिराचं काय झालं ते फळीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कानावर आलं. लढाई संपली तशी लढाईची गाणीही नकोशी झाली. 'जवानांची झुल्मिरा' म्हटलं की लोकांना जुनी बाई वाटायची. ट्रकवरून ओरडून गाण्यानं गळा गेलाच होता. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. १९५३ मध्ये तिनं केंद्र सोडलं. त्याच सुमाराला जुन्या तबकड्या भंगारात काढत होते. वाल्फ्रिदोनं मला गुपचूप उचलून तिच्या हातात ठेवलं.

"तुमची एवढी एकच उरलीय, बाई. पण लेप सुटत चाललाय. आता हिला एकदाच वाजवता येईल, आणि तीही एकच बाजू. जी बाजू खाली ठेवाल तिचा लेप ग्रामोफोनच्या चकतीवरच्या बनातीला चिकटून येणार. ती गेली म्हणून समजा."

झुल्मिरानं मला सहा वर्षं वाजवलं नाही. शिवणाचे कागद ठेवायच्या पुठ्ठ्यात उभं करून ठेवलं. कार्निव्हलचे कपडे शिवून ती पोट भरायची. मशीन चालवताना इतर बायका गुणगुणतात, ही गुणगुणायचीसुद्धा नाही. कधी कधी मला बाहेर काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. मला वाटतं, तिला भीती वाटायची. चांगला आवाज ऐकायचा, आणि मग स्वतःच्या खरखरीत गळ्यानं भाजीवाल्याशी बोलायचं, हे सोपं नव्हे.

या वर्षी एका मासिकात तिच्यावर छोटासा लेख आला. फोटोत ती मला धरून बसली होती. 'डोंगरातल्या बर्फात माझं गाणं हाच पोरांचा आधार होता,' असं तिनं सांगितलं होतं. लेख आला त्यानंतरच्या रविवारी दुपारी दार वाजलं. दारात टोपी हातात घेऊन एक गवंडी उभा होता.

"मी अदाउतो, बाई."

"बूटवाला?"

"बूटवाला." तो हसला. मी त्याला हसण्यावरून ओळखलं.

कॉफी झाली. मग तो मुद्द्यावर आला. "उद्या ट्रकनं ब्राझिलियाला निघालोय, नव्या राजधानीच्या बांधकामावर. परत कधी येणं होईल सांगता येत नाही. आईचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. एकदा ऐकवता का?"

झुल्मिरानं वाल्फ्रिदोचं म्हणणं त्याला सांगितलं. एकच बाजू, एकदाच. "मी केंद्राला दोनदा पत्र लिहिलं, दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्या म्हणून. उत्तर नाही. आणि एक सांगू का? तू आईला शंभरदा ऐकलंयस. मी स्वतःला एकदाही ऐकलेलं नाही."

अदाउतोनं टोपी उचलली. "खरं आहे, बाई. राहू द्या मग. तुमचाच हक्क आहे." आणि तो उठला.

तो असा झटकन कबूल झाला त्यानंच ती अस्वस्थ झाली असावी. तिनं मला पुठ्ठ्यातून काढलं आणि खिडकीशी नेलं. आता हिला सगळं दिसणार, हे मला कळलं. माझी एक बाजू अजून चकचकीत काळी होती. दुसरी घासून पांढुरकी पडलेली.

"ही गाण्याची बाजू एवढी नवी कशी राहिली?"

तो दाराकडे निघाला.

"अदाउतो, विचारतेय मी."

"तीन-चारदा लावली असेल, बाई."

"आणि ही?"

"ती रोज."

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. पंधरा वर्षं जे ती सगळ्यांना सांगत आली होती, ज्याच्या जोरावर गळा गेलेला तिनं सोसला होता, ते एका वाक्यात गेलं. तिला लागलं. मला तिची फार दया आली. मी मेली काय करणार? रेघा मला बदलता येत नाहीत.

अदाउतो दारातच घुटमळत होता. "गाणं चांगलं होतं, बाई," तो म्हणाला.

"पुरे. बस खाली." तिनं ग्रामोफोनचं झाकण उघडलं. "जवानांसाठी गायले, जवानांसाठी गायले, म्हणून गावभर सांगत असते मी. मग जवानाला काय हवंय ते नको द्यायला?"

आणि तिनं मला गाण्याची बाजू खाली करून ठेवलं. लेप बनातीला चिकटला ते मला कळलं. सुई टेकली. बराच वेळ नुसती खरखर, कढईत काही तळल्यासारखी. मग त्यातून मावशी आली.

"अदाउतो, जेवलास का?"

झुल्मिरानं त्याला कोपरानं ढोसलं. "अरे, विचारतेय ना ती."

"जेवलो, आई," अदाउतो म्हणाला. माझ्यासमोर त्यानं दिलेलं ते पहिलंच उत्तर.

पायांचं बोलणं खरखरीत बुडालं. बुटांचं मात्र ऐकू आलं. "तिआओला नवे घेऊन दिले," तो म्हणाला. "ते घालून मी लढाईला गेलो नव्हतो, आई, पलंगाखालीच होते." मग लग्नाचं आलं, कळलं का म्हणून आलं, आणि शेवटची शांतता सुरू झाली.

"लग्न झालं," तो म्हणाला. "इथलीच आहे, आपल्या टेकडीवरची. दोन मुली आहेत. तुला दाखवायच्या राहिल्या."

सुई मधल्या गोल कागदाला जाऊन धडकायला लागली, तरी कुणी उठलं नाही. शेवटी झुल्मिरानं मला उचललं. गाण्याची अख्खी बाजू काळ्या सालपटांसारखी बनातीवर राहिली होती. तिच्या बाजूला माझी आता नुसती काच उरली होती. तिनं सालपटं झाडली नाहीत.

"कसं होतं रे माझं गाणं? खरं सांग."

"सुरुवात आठवते, बाई. पुढचं नाही."

"बरं. मग हलू नकोस जागेवरून."

तिनं मला टेबलावर ठेवलं, एक हात शिवणयंत्रावर टेकवला आणि गायला लागली. आवाज फाटलेला. पहिल्याच उंच जागी तुटला. ती थांबली, पट्टी खाली घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. तिन्ही कडवी म्हटली. अदाउतो कवायतीला उभा असावा तसा ताठ बसून ऐकत होता. संपल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

"परत म्हणा," तो म्हणाला.

आणि तिनं परत म्हटलं.

माझं आता संपलंच. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला खरखर. मला टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण एक सांगायचं होतं म्हणून एवढं बोलले. ते त्या दुपारचं गाणं माझ्यावर कोरलेलं नाही, आणखी कशावरही नाही. बाई पन्नाशीला आलीय, गळा फार दिवस पुरणार नाही. तेव्हा कुणीतरी जा. दार वाजवा, समोर बसा आणि तिला म्हणायला सांगा.